नवी पिले, जुने खुराडे : घाई कशाला?



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस निपाणीकडच्या एका वाडीवरील मावशी सकाळीच दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात रिकामे डालगे होते. म्हणाल्या, “फादर, घरच्या आठच्या आठ गेल्या बघा. बाजारातनं पाच तलंगा आणून सोडल्या हुत्या. त्या पाचांतल्या तीन अजून चरत्यात, आणि माझ्या जुन्या कोंबड्या मात्र माना मुरडून मेल्या. ह्येला काय म्हणायचं?”

मावशींचा प्रश्न मला दिवसभर सोडेना. आपण म्हणतो, नवीन आलेले पाहुणे दगावतात, घरचे काटक असतात. येथे उलटेच झाले होते. पाहुण्या जगल्या आणि घरधनीण गेल्या.

आठ कोंबड्यांचे नुकसान ते केवढे, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू या. आपली गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. आठ कोंबड्यांची चारशे-साडेचारशे अंडी झाली. गावठी अंडे आज दहा रुपयांच्या खाली कोणी देत नाही. म्हणजे वर्षाचे चार-साडेचार हजार रुपये गेले. शिवाय सणाला कापायचे कोंबडे आणि रवणाला बसवायची अंडी गेली ती वेगळीच. ऊसबिलाचे किंवा तंबाखूचे पैसे घरातल्या पुरुषाच्या हाती येतात आणि बहुधा सोसायटीच्या कर्जात जिरतात. अंड्यांचे पैसे मात्र बाईच्या हातचे असतात. पोराची वही, म्हाताऱ्या सासूचे औषध, अडीनडीला लागणारे तेल-मीठ हे सारे त्यातूनच भागते. म्हणून हा विषय लहान नाही.

माझे मत मी आरंभीच सांगून टाकतो. बाजारातून किंवा योजनेतून आलेले नवे पक्षी त्याच दिवशी जुन्या कळपात सोडणे ही आपल्या परड्यातील कोंबडीपालनातली सर्वांत महागडी चूक आहे. आणि दुसरे असे की, ही चूक एकट्या घराने सुधारण्यासारखी नाही. ती साऱ्या वाडीने मिळून सुधारली पाहिजे.

आधी रोग, मग भांडण

नवी पिले आणली की प्रत्येकजण विचारतो, “जुन्या कोंबड्या टोचतील का?” हा प्रश्न योग्य आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की, नव्या पाहुण्यांनी सोबत काय आणले आहे? टोचण्याने एखाददुसरे पिलू मरते. रोगाने खुराडे रिकामे होते.

बाजारातील डालग्याकडे एकदा नीट पाहा. त्या एका डालग्यात दहा गावांच्या कोंबड्या असतात. आपला मुलूख सीमेवरचा. कागल-गडहिंग्लजची कोंबडी संकेश्वरला विकली जाते, चिकोडीची निपाणीला येते, खानापूरची बेळगावला. राज्याची सीमा माणसांना अडवते, कागदांना अडवते, पण रोगाला अडवीत नाही.

मावशींनी सांगितलेली लक्षणे, म्हणजे मान मुरडणे, हिरवट पातळ हगवण आणि चोच उघडून श्वास घेणे, ही मानमोडी रोगाची आहेत. डॉक्टरांना पक्षी दाखवला नव्हता, त्यामुळे छातीठोकपणे सांगता येत नाही, पण संशय तोच घ्यावा लागतो. मानमोडीलाच शास्त्रात रानीखेत म्हणतात. कुमाऊँच्या डोंगरातील रानीखेत येथे १९२७-२८च्या सुमारास तो आढळला, म्हणून आपल्या देशात तेच नाव रूढ झाले. विलायतेत तो त्याच सुमारास न्यूकॅसल शहराजवळ आढळला, म्हणून तिकडे न्यूकॅसल रोग. रोगजंतू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते पंधरा दिवस लागू शकतात, बहुधा पाच-सहा. म्हणजे बाजारात टवटवीत दिसणारी तलंग रोग घेऊनच आपल्या दारात येऊ शकते.

मग पाहुण्या जगल्या कशा? एकतर त्यांना पूर्वी लस मिळालेली असेल किंवा त्या रोगातून उठलेल्या असतील. लस घेतलेला पक्षी स्वतः आजारी न पडताही काही दिवस रोगजंतू बाहेर टाकू शकतो. नाक गळणे, तोंड सुजणे, घशात घरघर होणे या सर्दीच्या जातीच्या रोगांत तर बरा झालेला पक्षी कित्येक महिने रोग बाळगून असतो. बाहेरून पाहता तो ठणठणीत असतो. म्हणून “कोंबडी चांगली तजेलदार होती” हा पुरावा पुरेसा नाही.

हे एका बाजूनेच घडते असेही नाही. जुनी कोंबडीही पिलाला रोग देते. रक्ती हगवणीचे जंतू जुन्या खुराड्याच्या जमिनीत असतातच. मोठ्या कोंबड्यांना त्यांची सवय झालेली असते. तीन ते सहा आठवड्यांचे पिलू त्या ओल्या जमिनीवर एकदम सोडले की चार-पाच दिवसांत पिसे फुगवून बसते आणि विष्ठेत रक्त दिसू लागते. उबदार ओलाव्यात हे जंतू एक-दोन दिवसांत रोग देण्याजोगे होतात. म्हणून कणकुंबी-खानापूरकडच्या मोठ्या पावसाच्या पट्ट्यात पावसाळ्यात पिले आणू नयेत, असे मी म्हणतो. निपाणी-चिकोडीकडे पाऊस कमी, पण ओल्या खुराड्याला तोच नियम लागू. दसऱ्यानंतर जमीन सुकली की आणलेली पिले चांगली पोसतात.

एकवीस दिवसांची हद्द

तर उपाय काय? नवे पक्षी एकवीस दिवस वेगळे ठेवावेत. हा आकडा विसरू नये म्हणून एक सोपी खूण सांगतो. कोंबडी अंड्यांवर जितके दिवस बसते तितके दिवस. आपण तिला रवणाला बसवतो तेव्हा एकवीस दिवस धीर धरतोच ना? पाहुण्यांसाठीही तेवढाच धीर धरावा.

वेगळे म्हणजे किती वेगळे? शेजारच्या डालग्यात झाकणे हे वेगळे ठेवणे नव्हे. आपल्या आज्या बाजारातून आणलेली कोंबडी पायाला दोरी बांधून चार दिवस डालग्याखाली ठेवीत. त्यात शहाणपण होते. कोंबडीला जागेची सवय होई, आणि जुन्या कोंबड्यांना तिची. पण डालगे असे परड्यातच, जुन्या कोंबड्या त्याच्या कडेनेच चरत, आणि सांडलेले दाणे दोघी खात. ओळख होई, पण रोगाला वाट मोकळीच राही. आज्यांचा उपाय टाकायचा नाही. तो तीन आठवड्यांनंतर करायचा.

पहिले तीन आठवडे पक्षी घराच्या दुसऱ्या बाजूला, गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा माळ्याखाली ठेवावेत. निदान वीस-तीस पावलांचे अंतर असावे. पाण्याचे भांडे वेगळे, दाण्याचे वेगळे. काम करण्याचा क्रमही सांभाळावा. बाजारातून मोठे पक्षी आणले असतील तर आधी घरच्या जुन्या कोंबड्यांचे दाणापाणी करावे आणि शेवटी पाहुण्यांकडे जावे. पण उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिले आणली असतील तर क्रम उलटा. आधी पिले, मग जुन्या कोंबड्या, कारण तेथे धोका पिलांना असतो. मधे हातपाय धुवावेत, आणि चप्पल बदलता आली तर उत्तमच.

हे तीन आठवडे नुसते वाट पाहण्यात घालवायचे नाहीत. पहिला आठवडा निरीक्षणाचा. पंखाखाली व शेपटीच्या मुळाशी पिसे बाजूला करून उवा आणि लिखा पाहाव्यात, आणि विष्ठा पाहावी. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून जंताचे औषध द्यावे. पक्षी निरोगी दिसले तर दुसऱ्या आठवड्याच्या आरंभी लस टोचून घ्यावी. लस टोचली त्याच क्षणी संरक्षण मिळते, असे कोणी समजू नये. अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे एक आठवडा पाहणीचा आणि दोन आठवडे लसीचे, असे एकवीस दिवस बरोबर भरतात.

मानमोडीच्या लसीचा साधारण क्रम असा. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौथ्या आठवड्यात तीच लस पुन्हा. आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीचे इंजेक्शन. ही शेवटची लस १९४०च्या दशकात मुक्तेश्वर येथील आपल्याच देशाच्या पशुवैद्यक संस्थेत तयार झाली, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. ती जोरकस असते, म्हणून लहान पिलांना देऊ नये. अंड्यावर असलेल्या कोंबड्यांना कोणती द्यावी हे डॉक्टरांनाच विचारावे.

आणखी एक गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. आपली स्वतःची कोंबडी बाजारात विकायला नेली, गिऱ्हाईक मिळाले नाही आणि संध्याकाळी परत आणली, तर तीही आता पाहुणीच झाली. दिवसभर ती दहा गावांच्या कोंबड्यांत बसून आली आहे. नाताळच्या आधी चार दिवस बाजारातून आणून ठेवलेला कोंबडा “नाहीतरी कापायचाच आहे” म्हणून आपण कळपात सोडतो. कोंबडा नाताळला कापला जातो, रोग मात्र नव्या वर्षात मागे राहतो.

टोचण्यामागचे शास्त्र

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. येथे मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकवले, कोंबड्यांचा स्वभाव कोणी शिकवला नाही. चर्चच्या परड्यात माझ्या सात-आठ कोंबड्या होत्या. त्यांत मी दोन महिन्यांची सहा पिले भर दुपारी सोडून दिली आणि कामाला निघून गेलो. संध्याकाळी परतलो तो एक पिलू डोक्याला भोक पडून मेलेले, दोन लाकडांच्या ढिगात दडलेली, आणि उरलेली दाण्याजवळ यायला धजत नव्हती. रोग नव्हता, नशीब. पण अज्ञान होते.

कोंबड्यांच्या कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. थोरली सर्वांना टोचते, तिच्या खालची तिला सोडून इतरांना, आणि शेवटची कोणालाच नाही. नॉर्वेच्या श्येल्डेरप-एब्बे नावाच्या संशोधकाने लहानपणापासून घरच्या कोंबड्या पाहून ही गोष्ट १९२१ साली आपल्या प्रबंधात मांडली. आपल्या बायकांना ती आधीपासून ठाऊक होती, पण त्याने ती लिहून ठेवली. ही पायरी म्हणजे केवळ दांडगाई नव्हे. एकदा ती ठरली की रोजची भांडणे थांबतात आणि कळप शांतपणे चरतो. नवा पक्षी आला की सारी पायरी विस्कटते आणि पुन्हा मांडावी लागते. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके आणि तुरा पाहून ओळखतात. अनोळखी तोंड दिसले की टोचणे सुरू होते.

यावरून काही गोष्टी आपोआप निघतात.

एक : पिलू फार लहान असताना मिसळू नये. आठ आठवड्यांच्या आत तर नाहीच. अंग भरून ते मोठ्या कोंबडीच्या पाऊण आकाराचे झाले, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांचे झाले की उत्तम. तोवर त्याला पळता येते आणि मार चुकवता येतो.

दोन : एकटे पिलू कधीही सोडू नये. सगळ्यांचा मार त्या एकट्यावर येतो. एका वयाची तीन-चार तरी एकत्र सोडावीत.

तीन : सोडण्यापूर्वी आठ-दहा दिवस दोघांना एकमेकांचे दर्शन घडवावे, स्पर्श घडू देऊ नये. खुराड्याच्या कडेला जाळी किंवा बांबूची तट्टी लावून एक कप्पा करावा. आज्यांचे डालगे येथे कामाला येते. एकवीस दिवसांची हद्द पाळून झाल्यावरच हे करायचे. जाळीतून आधी टोचण्याचे प्रयत्न होतात, मग दुर्लक्ष होते. दुर्लक्ष सुरू झाले की काम झाले.

चार : मग संध्याकाळी अंधार पडल्यावर नवे पक्षी दांडीवर जुन्यांच्या शेजारी बसवावेत. कोंबडीला अंधारात दिसत नाही, त्यामुळे रात्र शांततेत जाते. पण पुष्कळजण म्हणतात, “रातच्याला सोडल्या की झालं, सकाळी कुणाला काय कळतंय?” हे खरे नव्हे. सकाळी सर्वांना सर्व कळते. रात्रीची युक्ती ही जाळीच्या ओळखीवर चढवलेला कळस आहे, तिच्याऐवजी चालणारी गोष्ट नव्हे. दुसऱ्या दिवशी उजाडताच स्वतः दार उघडावे आणि तासभर तेथेच बसावे.

पाच : दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. एकच भांडे असेल तर थोरली त्यावर पहारा देते आणि लहानांची उपासमार होते. कडब्याच्या दोन पेंढ्या आडव्या टाकाव्यात किंवा एखादी फळी भिंतीला तिरकी लावावी. दडायला जागा असली की निम्मे भांडण मिटते. डालगे विटांवर चार बोटे उचलून आत दाणे ठेवले तर लहान पिले खालून आत शिरतात, मोठ्या बाहेर राहतात.

सहा : खाद्याची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात चुन्याचा अंश पुष्कळ असतो. तो वाढीच्या पिलांच्या मूत्रपिंडांना बाधतो. म्हणून एकत्र ठेवल्यावर सर्वांना वाढीच्या पिलांचे खाद्य किंवा मका-ज्वारीचा भरडा, कणी आणि शेंगदाणा पेंड द्यावी, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. जिला गरज आहे ती तो आपणहून खाते.

सात : रक्त दिसले की तो पक्षी त्याच क्षणी वेगळा काढावा. लाल रंग पाहिला की साऱ्याजणी तेथेच टोचत राहतात. जखमेवर जनावरांच्या दवाखान्यातले जांभळे औषध लावावे. त्याने जखम भरते आणि लाल रंगही झाकतो. थोडेफार टोचणे, पळवणे हे मात्र चालायचेच. दरवेळी आपण मधे पडलो तर पायरी कधीच ठरत नाही. चार-आठ दिवसांत ते शमते.

खुडूक कोंबडी : आपली खरी दाई

या सगळ्यांहून सोपी एक वाट आपल्या घरातच आहे. पिलांना कळपात मिसळण्याचे काम आईइतके चांगले कोणी करीत नाही. खुडूक कोंबडी आपल्या पिलांना घेऊन परड्यात उतरली की थोरलीसुद्धा दोन पावले मागे सरते. दीड-दोन महिने ती त्यांना सांभाळते, घार आली की पंखाखाली घेते, आणि सोडून देते तोवर पिलांना कळपातली आपली जागा कळलेली असते.

गिरीराज, वनराज, स्वर्णधारा या सुधारित जाती आता आपल्या भागात रुळल्या आहेत. गिरीराज व स्वर्णधारा बंगळूरच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयात तयार झाल्या आणि वनराज हैदराबादच्या केंद्रात. त्या गावठीच्या दुप्पट आणि त्याहून अधिक अंडी देतात. पण त्या खुडूक क्वचितच होतात. म्हणून काहीजण गावठी कोंबड्या विकून सगळा कळप सुधारित करतात. माझ्या मते ही घाई आहे. दोन तरी गावठी कोंबड्या घरात असाव्याच. सुधारित जातीची अंडी त्यांच्याखाली बसवता येतात. किंवा गावठीची स्वतःची अंडी फुटतात त्याच रात्री एक दिवसाची विकत आणलेली पिले हळूच तिच्या पंखाखाली सरकवता येतात. सकाळी ती सर्वांना आपलीच मानते, पण पिले दोन-तीन दिवसांहून मोठी नसावीत. बल्ब नको, शेगडी नको, रात्री वीज गेली म्हणून पिले गारठून मरायला नकोत. लस मात्र या पिलांनाही चुकत नाही. आई घारीपासून वाचवते, मानमोडीपासून नाही.

एकट्याचे काम नव्हे

आता माझ्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. हे सारे ऐकून लोक म्हणतात, “फादर, जागा कुठं हाय? आणि दहा कोंबड्यांसाठी डॉक्टरांकडं कोण जाणार?” त्यांचे म्हणणे खोटे नाही.

जागेचा प्रश्न शेजारधर्माने सुटतो. वाडीत एखाद्या घरी कोंबड्या नसतातच. पाहुण्या पक्ष्यांना तीन आठवडे त्यांच्या पडवीत राहू द्यावे, बदल्यात दोन डझन अंडी द्यावीत.

लसीचा प्रश्न अधिक अवघड आहे. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते. ती बर्फात ठेवून आणावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची बाई ती बाटली घेऊन काय करणार? नव्वद डोस फेकून देणार? म्हणून ती घेतच नाही. यात तिचा आळस नाही, अडचण आहे. आणि त्यात भर म्हणजे दवाखान्यातले पत्रक कन्नडमध्ये, बाटलीवरचा मजकूर इंग्रजीत, आणि कोंबड्या पाळणारी आजी मराठी बोलणारी.

पण हीच बाटली दहा घरांना पुरते. म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक वाडीतील महिलांनी एकत्र बसून एक दिवस ठरवावा. नवी पिले सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच विश्वासू ठिकाणाहून आणावीत. लसीचा दिवसही एकच ठेवावा, म्हणजे एका बाटलीत नव्याजुन्या सर्व पक्ष्यांचे काम होईल. लिहितावाचता येणाऱ्या एखाद्या मुलीने वहीत तारखा मांडाव्यात. एका घराने लस टोचून शेजारच्या चार घरांनी टोचली नाही तर फारसे साधत नाही, कारण कोंबड्या कुंपण मानीत नाहीत.

योजनांतून पिले वाटणाऱ्यांनाही माझे नम्र सांगणे आहे. एक दिवसाची वीस पिले बाईच्या हातात देऊन फोटो काढला म्हणजे काम संपत नाही. पहिल्या आठवड्यात पिलांना पस्तीस अंश उष्णता लागते. ज्या घरात संध्याकाळी वीज नसते तेथे ती कोठून आणणार? त्यापेक्षा पाच-सहा आठवडे वाढवलेली, लस दिलेली आठ पिले द्यावीत, आणि सोबत तारखांचा एक कागद बाईला वाचता येईल अशा भाषेत द्यावा. वीसांतली चार जगण्यापेक्षा आठांतली सात जगलेली बरी. पैसे मिळत असतील तर आपणही मागताना हेच मागावे. फुकट मिळाले म्हणून मुकाट्याने घेऊ नये.

शेवटी एक कठोर बोल. मानमोडी आली की घाईघाईने उरलेल्या कोंबड्या बाजारात स्वस्तात विकण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मला वाटते, मावशींच्या घरी रोग असाच कोणाच्या तरी डालग्यातून आला. विकणाऱ्याने शंभर-दोनशे रुपये वाचवले आणि दुसऱ्या बाईचे वर्षाचे चार हजार बुडवले. याला व्यवहार म्हणता येत नाही. आजारी कळपातला पक्षी विकणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरात जाणूनबुजून आग टाकणे होय. मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. खोल खड्डा करून चुना घालून पुरावेत. एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर दवाखान्यात ताबडतोब कळवावे आणि मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नये. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली, ती देशातली पहिली. तेव्हापासून कोंबड्यांच्या मरीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मुलांनाही पिले हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावावी.

मावशींनी आता काय केले ते सांगून थांबतो. उरलेल्या तीन तलंगा त्यांनी विकल्या नाहीत, कोणाला दिल्याही नाहीत. घरीच कापून खाल्ल्या. खुराडे रिकामे करून खालची माती खरवडली, चुना मारला, आणि दोन महिने ते उन्हात मोकळे ठेवले. दसऱ्यानंतर शेजारच्या तीन घरांबरोबर त्यांनी नवी पिले आणली आणि लसीची बाटली चौघींत वाटून घेतली. आज त्यांच्याकडे नऊ पक्षी आहेत. गेल्या आठवड्यात दहावी कोंबडी माहेरून आली. ती कोठे आहे म्हणून मी विचारले. त्या हसून म्हणाल्या, “पाहुणी हाय फादर, अजून चौदा दिस गोठ्यातच ऱ्हाणार.”

असो. एवढे प्रत्येक घरी झाले तरी पुष्कळ झाले.